आत्या सुपारी म्हणत होती

"माझ्या छातीत कुणीतरी सुपारी ठेवलीय." दोन वर्षांपूर्वी गणपतीत आत्यानं हा घोषा लावला होता.

आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. आत्या आमच्याच घरी असते, तिला तीस वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. कधी नळातून कुणी हाक मारतं, कधी शेजारचे तिच्या मनातलं ऐकतात. त्यात आता ही सुपारी! आईनं दृष्ट काढली, मी मानसोपचाराच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी गोळी वाढवली. तिची गोळी रिस्पेरिडोनची. त्या गोळीनं प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, वाढतं, स्तन जड होतात, क्वचित दूधही येतं. त्यामुळे त्यांनाही वेगळी शंका आली नाही. तिला हात लावून तपासलं मात्र कुणीच नाही.

नरकचतुर्दशीच्या पहाटे तिला तेल लावत होते. डाव्या काखेजवळ माझा हात थांबला. सुपारीच होती. तेवढीच, तशीच टणक, बोटाखाली हलत नव्हती.

"दुखतं का गं?"

"दुखत नाही. नुसती आहे. सांगत तर होते."

ती खरंच सांगत होती. सगळ्या गाठी कॅन्सरच्या नसतात, बहुतेक नसतातच. पण कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि आम्ही तिच्या कण्हण्याची वाट पाहत बसलो होतो.

मॅमोग्राफीची, म्हणजे स्तन दाबून काढतात त्या एक्स-रेची, तिला धास्ती होती. यंत्र म्हटलं की ती घाबरते. आदल्या रात्री मी कणकेचा गोळा दोन ताटल्यांमध्ये दाबून दाखवला. "एवढंच, काही सेकंद." मग तिनं स्वतः दाबून पाहिला, दोनदा. दुसऱ्या दिवशी तिथल्या बाईंना म्हणाली, "कणकेसारखं करायचंय ना? करा." माझे डोळे भरून आले.

गाठ कॅन्सरचीच निघाली. ऑपरेशन झालं, औषधं चालू आहेत. दोन्हीकडच्या डॉक्टरांचे कागद मी आता एकाच फाइलमध्ये ठेवते, कारण काही मानसिक आजाराच्या गोळ्या कॅन्सरच्या औषधांना आड येतात. उदाहरणार्थ, पॅरॉक्सेटिन असेल तर टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी होऊ शकतो.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवात मी हे सगळं बोलले. सरकारी कार्यक्रमात तिशीपासून दर पाच वर्षांनी बाईची स्तनतपासणी करायची असते, तीही नुसत्या हातानं. मुंबईत टाटा मेमोरियलनं वीस वर्षं दीड लाखांवर बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्यांची शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी अशी हातानं तपासणी केली, तेव्हा पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. मग मी विचारलं, घरातली जी 'वेडी' म्हणून मागच्या खोलीत असते, तिला तपासणीला कोण नेतं? एक वहिनी मान खाली घालून वाणाची वाटी फिरवत राहिल्या. जाताना हळूच म्हणाल्या, "आमच्या जाऊबाईंना कुठे नेऊ?" मी पत्ता लिहून दिला. वर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबरही लिहिला. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत. जाऊबाईंसाठी दिला, आणि त्या वहिनींसाठीसुद्धा. सांभाळणारी बाईही खचते.

परवा आत्या म्हणाली, गुडघ्यात कुणीतरी वाळू भरलीय. शुक्रवारची हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे.