फाउंडेशन लावलंय हे कळता कामा नये!

गेल्या मे महिन्यात मावसबहिणीच्या लग्नाला मी पहिल्यांदाच नीट फाउंडेशन बिऊंडेशन लावून गेले आणि हॉलच्या दारातच मोठी मामी म्हणाली, "काय गं, पोळ्या लाटून आलीस का थेट, तोंडाला पीठ लागलंय." झालं! फोटोत तर चेहरा एकीचा आणि मान दुसरीची.

घोळ दुकानातच झालेला. गोखले रोडला ट्यूबलाइटखाली हाताच्या मागे शेड लावून बघितली, काउंटरवरची मुलगी म्हणाली एक शेड उजळच घ्या मॅडम, आणि मॅडमनी घेतली. हाताचा आणि तोंडाचा रंग एक असतो का कधी! आता मी जबड्याच्या कडेला जवळजवळच्या ३ शेडचे पट्टे ओढून घेते आणि तशीच राम मारुती रोडला फिरते, लोक बघतात तर बघू देत. अर्ध्या तासाने उन्हात बघायचं, जो पट्टा दिसेनासा झालाय तो आपला. अर्धा तास कशाला तर काही फाउंडेशन त्वचेच्या तेलाने आणि हवेने थोडी काळपट होतात, लगेच बघून कळत नाही. आणि अंडरटोन, म्हणजे त्वचेच्या रंगामागची झाक, बघा गं, आपल्यातल्या कितीतरी जणींचा पिवळसर असतो, त्यावर गुलाबी झाकेचं लावलं की चेहरा राखेसारखा दिसतो.

लावताना सनस्क्रीननंतर ५-१० मिनिटं थांबते (तेवढ्यात डबा भरून होतो), नाहीतर वर मळासारखे गोळे येतात. फाउंडेशन वाटाण्याएवढं, बास. तेही नाकाच्या बाजूला, हनुवटीला, जिथे लालसर डागाळलेलं आहे तिथेच. स्पंज ओला करून घट्ट पिळायचा, कोरडा असला तर सगळं तोच पितो. आणि थापायचं, घासायचं नाही.

कन्सीलर, म्हणजे डाग झाकायचं दाट क्रीम, त्यानंतर, कारण निम्मं काम आधीच झालेलं असतं. डोळ्यांखाली मी आधी नारिंगी करेक्टर अगदी पातळ लावते, तिथला निळसर काळेपणा त्यानेच मरतो, डायरेक्ट उजळ कन्सीलर फासलं तर परत तीच राख. पिंपलवर मात्र त्वचेच्याच शेडचं, उजळ लावाल तर जणू त्याच्यावर टॉर्च मारलाय असं दिसेल! बारीक ब्रशने एक टिपका, मिनिटभर थांबून फक्त कडा मिसळायच्या.

पावडर फक्त नाक आणि कपाळ. तरी सकाळच्या वाशी लोकलमध्ये तुर्भ्यापर्यंत घाम येतोच, तेव्हा टिश्यूने टिपायचं, पुसलंत तर मेहनत पाण्यात.

ती लग्नातली बाटली अजून कपाटात आहे, पाऊणएक भरलेली. मागे उघड्या डबीच्या चित्रात १२ एम लिहिलंय, म्हणजे उघडल्यापासून १२ महिने. या मे महिन्यात टाकेन. पैसे आठवतात ना, म्हणून तोपर्यंत राहू दे.