कॅरीच्या मैदानावरची सोळा सेकंदे

5 डिसेंबर 2022 ची सोमवारची संध्याकाळ होती. आम्ही राहतो त्या नॉर्थ कॅरोलिनातील कॅरी गावी, वेकमेड सॉकर पार्कच्या मैदानावर, अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला फुटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना चालू होता. एव्हरी पॅटरसनच्या दोन गोलांमुळे नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ, म्हणजे आमच्या घरापासून अर्ध्या तासावर असलेल्या चॅपल हिलचा संघ, लॉस एंजलिसच्या यूसीएलए संघापुढे 2-0 असा आघाडीवर होता. सामन्याची जेमतेम पंधरा मिनिटे उरली होती. माझ्या शेजारी बसलेल्या एका आजोबांनी, विजेतेपद मिळाल्याच्या थाटात, थर्मासमधली कॉफी ओतून घेतली होती.

महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये फलकावरचे घड्याळ उलटे धावते. पंचाच्या मनात किती जादा वेळ आहे याचा अंदाज बांधत बसावे लागत नाही, कारण पंचेचाळीस मिनिटांपासून शून्यापर्यंत उतरत जाणारा प्रत्येक सेकंद सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो. कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या गर्जना ऐकत वाढलेल्या मला ही पद्धत सुरुवातीला रुचली नव्हती, पण त्या संध्याकाळी तिची ताकद कळली. ऐंशीव्या मिनिटाला लेक्सी राइटने एक गोल फेडला. त्यानंतर यूसीएलएच्या मुली चेंडू मिळाला की पुढे, मिळाला की पुढे, अशा धडका देऊ लागल्या, आणि फलकावर अवघी सोळा सेकंदे शिल्लक असताना कॉर्नरवरून आलेला चेंडू रेलिन टर्नरने डोक्याने जाळ्यात घातला. जादा वेळेत 107 व्या मिनिटाला मारिकार्मेन रेयेसने तिसरा गोल केला आणि सामना 3-2 असा संपला. संघाच्या प्रशिक्षक मार्गरीट आओझासा यांचे मुख्य प्रशिक्षक म्हणून ते पहिलेच वर्ष होते. माझी मुलगी, जी तेव्हा सहावीत होती आणि अंगात चॅपल हिलचा आकाशी सदरा घालून आली होती, घरी पोहोचेपर्यंत एक शब्दही बोलली नाही.

तिच्या दुःखात मी सहभागी होते, तरीही मनाच्या एका कोपऱ्यात मला समाधान वाटत होते. त्याचे कारण सांगण्यासाठी या स्पर्धेच्या मुळाशी जावे लागेल.

1972 साली अमेरिकेत शिक्षणविषयक कायद्यात 'टायटल नाइन' नावाची एक तरतूद झाली. मूळ इंग्रजीत तिचा गाभा सदतीस शब्दांचा आहे आणि त्यात खेळाचा उल्लेखसुद्धा नाही. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत लिंगाच्या आधारे कोणालाही वगळता येणार नाही, एवढेच तिचे म्हणणे. पण महाविद्यालयातील क्रीडाविभाग हा शिक्षणाचाच भाग असल्यामुळे मुलींना मैदान, प्रशिक्षक आणि शिष्यवृत्ती देणे हळूहळू भाग पडले. अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे शिरस्त्राण घालून खेळायच्या त्या खेळाच्या, अवाढव्य पुरुष संघांवर विद्यापीठे शिष्यवृत्त्यांची खैरात करत असत. तो तोल सावरायचा तर मुलींचा असा एखादा खेळ हवा होता, ज्यात संघ मोठा असतो आणि खर्च आटोक्यात राहतो. सॉकर त्यात चपखल बसला. पुढे कित्येक वर्षे पहिल्या श्रेणीतील महिला संघाला चौदा शिष्यवृत्त्यांची मुभा होती, तर पुरुष संघाला दहासुद्धा पूर्ण नव्हत्या. मुलींना एखाद्या खेळात मुलांपेक्षा जास्त मिळते आहे, हे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा दोनदा वाचले होते.

राष्ट्रीय स्पर्धा 1981 मध्ये स्त्रियांच्या क्रीडासंघटनेने प्रथम भरवली, आणि 1982 पासून ती एनसीएए या देशव्यापी संघटनेकडे आली. त्या वर्षी अवघे बारा संघ होते. ऑर्लँडोत झालेल्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलिनाने सेंट्रल फ्लोरिडाला 2-0 असे हरवले आणि तेथून पुढे जे घडले ते कोणत्याही खेळात क्वचितच घडते. पहिल्या तेरा स्पर्धांपैकी बारा या एकाच विद्यापीठाने जिंकल्या. मध्ये 1985 साली जॉर्ज मेसन विद्यापीठाने अंतिम सामन्यात त्यांना हरवले, तेवढाच अपवाद. 1986 ते 1994 अशी सलग नऊ विजेतेपदे. प्रशिक्षक अँसन डोरन्स यांच्या हाताखाली मिया हॅम चार वर्षे खेळली आणि चारही वर्षे संघ विजेता ठरला. 1991 च्या हंगामात ती विद्यापीठाकडून खेळली नाही, कारण त्या वर्षी चीनमध्ये महिलांचा पहिला विश्वचषक होता. तो अमेरिकेने जिंकला, आणि त्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकही डोरन्सच होते.

हा इतिहास अभिमानाने सांगितला जातो, आणि तो सांगावाच. परंतु बारा वर्षे एकच संघ जिंकतो, याचा दुसरा अर्थ असाही होतो की इतर ठिकाणी मुलींच्या हाती अजून पुरेसे काही आलेले नव्हते. माझ्या मते या स्पर्धेची खरी कहाणी नॉर्थ कॅरोलिनाच्या विजयांपेक्षा त्यांच्या पराभवांमध्ये आहे. 1995 ते 2024 या तीस स्पर्धांमध्ये त्यांच्या वाट्याला दहा विजेतेपदे आली, आणि 2013 ते 2023 या अकरा स्पर्धांमध्ये एकही नाही. त्या अकरा स्पर्धा सहा वेगवेगळ्या विद्यापीठांनी जिंकल्या. चॅपल हिलचा संघ या काळात दुबळा झाला होता असे कोणी म्हणू नये, कारण तीनदा तो अंतिम सामन्यापर्यंत गेला होता. देशभरात त्यांच्या तोडीचे संघ उभे राहिले होते, एवढेच. यूसीएलएच्या त्या सोळा सेकंदांनी मला समाधान दिले ते यामुळे.

1998 चा अंतिम सामना मला याबाबतीत सर्वांत बोलका वाटतो. फ्लोरिडा विद्यापीठाने महिला संघ सुरू केला तो 1995 मध्ये. चौथ्याच हंगामात तो संघ अंतिम सामन्यात पोहोचला, समोर नॉर्थ कॅरोलिना होते, आणि डॅनियल फोटोपुलोसच्या एका गोलाने निकाल लागला. प्रशिक्षक होत्या बेकी बर्ली. मुलींची ही स्पर्धा जिंकून देणारी पहिली स्त्री प्रशिक्षक पाहायला सोळा वर्षे जावी लागली, ही गोष्ट मात्र मला आजही टोचते.

चारच वर्षांनी पोर्टलंडची पाळी आली. ओरेगनमधील हे एक लहानसे कॅथलिक विद्यापीठ. त्यांचे प्रशिक्षक क्लाइव्ह चार्ल्स कर्करोगाशी झुंजत होते. 2002 च्या अंतिम सामन्यात सांता क्लाराविरुद्ध कॅनडाच्या क्रिस्टीन सिंक्लेअरने दोन्ही गोल केले, त्यातला दुसरा जादा वेळेत, आणि पोर्टलंड 2-1 असे जिंकले. पुढच्या ऑगस्टमध्ये चार्ल्स वारले. 2005 साली सिंक्लेअरच्या अखेरच्या वर्षी पोर्टलंडने यूसीएलएला 4-0 असे हरवून पुन्हा विजेतेपद मिळवले. आंतरराष्ट्रीय सामन्यांत तिने पुढे 190 गोल केले आणि हा आकडा स्त्री-पुरुष कोणालाही अजून गाठता आलेला नाही, पण पोर्टलंडची जुनी माणसे तिच्याविषयी बोलू लागली की त्या डिसेंबरपाशीच येऊन थांबतात.

या स्पर्धेने राष्ट्रीय संघाला काय दिले, हे पाहायचे तर 1999 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना आठवावा. पासाडेनाच्या रोझ बोल मैदानावर नव्वद हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर चीनविरुद्ध निकाल पेनल्टींवर गेला. अमेरिकेकडून कार्ला ओव्हरबेक, जॉय फॉसेट, क्रिस्टीन लिली, मिया हॅम आणि ब्रँडी चॅस्टेन यांनी पाचही पेनल्टी जाळ्यात घातल्या. यांपैकी तिघी चॅपल हिलच्या, एक बर्कलीची आणि एक सांता क्लाराची. तेव्हा देशात मुलींची व्यावसायिक लीग सुरू व्हायची होती. त्या पाचही जणींचे पाय घडले होते ते विद्यापीठांच्या मैदानांवर.

आम्ही कोल्हापूरकर फुटबॉलवेडे. पेठापेठांतील तालमींचे संघ, पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ अशा लढतींच्या दिवशी रिकामे होणारे रस्ते, हे सर्व मी पाहिलेले आहे. पण माझ्या लहानपणी मी ते पाहिले आमच्या माडीच्या खिडकीतून. भाऊ वडिलांच्या सायकलवर पुढे बसून सामन्याला जाई आणि मला घरी थांबावे लागे. गोल झाला की स्टेडियमकडून उठणारा आवाज घरापर्यंत येई, पण कोणाचा गोल ते कळत नसे; त्यासाठी दोघे परत येण्याची वाट पाहावी लागे. वडिलांच्या मनात माझ्याविषयी काही वाईट नव्हते. मुलींना तेथे न्यायचे असते हेच त्यांना कधी सुचले नाही. म्हणून माझी मुलगी आज कठड्याला रेलून एखाद्या बचावपटूच्या चुका मला समजावून सांगते, तेव्हा मी तिला मध्ये तोडत नाही.

डिसेंबर 2024 मध्ये उपांत्य फेरीतील चार संघांपैकी तीन आमच्याच राज्यातले होते: नॉर्थ कॅरोलिना, ड्यूक आणि वेक फॉरेस्ट. चौथा स्टॅनफर्ड. डोरन्स त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, हंगाम तोंडावर असताना निवृत्त झाले होते आणि संघाची धुरा डेमन नहास यांच्याकडे आली होती. कॅरीच्याच मैदानावर, प्रथमच अंतिम फेरीत आलेल्या वेक फॉरेस्टला ऑलिव्हिया थॉमसच्या एकमेव गोलाने हरवून नॉर्थ कॅरोलिनाने बारा वर्षांनी विजेतेपद मिळवले. मुलीचा आकाशी सदरा आता तिला आखूड झाला होता, पण तिने तोच घातला होता. त्या रात्री ती घरी येईपर्यंत एकदाही गप्प बसली नाही.

पुढचा काळ या स्पर्धेसाठी सोपा असेल असे मला वाटत नाही. देशातील व्यावसायिक महिला लीगने 2024 मध्ये महाविद्यालयीन खेळाडूंची वार्षिक निवडपद्धत बंद केली, आणि गुणवान मुली आता विद्यापीठाचे शिक्षण अर्धवट सोडून, कधी विद्यापीठात न जातासुद्धा, थेट व्यावसायिक करार करू लागल्या आहेत. त्यांना पैसा मिळतो आहे याचा मला आनंदच आहे. या खेळातील स्त्रियांनी फार वर्षे फुकट घाम गाळला. तरीही या स्पर्धेत उतरणाऱ्या मुलींपैकी बहुतेकींना पुढे व्यावसायिक खेळायचे नसते, आणि ही गोष्ट दूरचित्रवाणीवरचा अंतिम सामना पाहून लक्षात येत नाही.

त्यासाठी नोव्हेंबरमधला पहिल्या फेरीचा सामना पाहावा. चौसष्ट संघ, बाद पद्धत, सामने विद्यापीठांच्याच मैदानांवर. गेल्या काही वर्षांत आम्ही दरवर्षी चॅपल हिलला डोरन्स फील्डवर एक तरी असा सामना पाहतो. थंडी बोचरी असते, प्रेक्षक थोडे असतात आणि पाहुण्या संघाचे आईवडील कित्येक तास गाडी चालवून आलेले असतात. निकाल बहुतेक वेळा ठरल्यासारखा असतो. घड्याळ शून्यावर येते, भोंगा वाजतो, जिंकलेल्या मुली मध्यभागी गोळा होतात, आणि हरलेल्या संघातील चौथ्या वर्षाच्या मुली जेथे उभ्या असतील तेथेच खाली बसतात. पाच-सहा वर्षांच्या असल्यापासून त्या खेळत आलेल्या असतात, आणि तो त्यांच्या आयुष्यातला शेवटचा सामना असतो. मागच्या वेळी त्यांच्यातली एक जण बराच वेळ बुटांच्या नाड्या सोडत बसली होती. मैदानातले दिवे एकेक करून मालवू लागले तरी कुंपणापलीकडे तिचे वडील, हातात तिचा कोट घेऊन, तिला हाक न मारता उभे होते.