आमची वाटचाल : रफूपासून राखणीपर्यंत

पुण्यात लोकरीचे कपडे अंगावर असतात दोन-तीन महिने. दिवाळीनंतर बाहेर निघालेली शाल संक्रांत उलटली की पुन्हा कपाटात जाते, आणि तिचं जे काही बरंवाईट व्हायचं ते तिथे, बंद दाराआड होतं. आमचा धंदा आज त्या बंद दाराआडच्या महिन्यांवर, म्हणजे तेवढा काळ लोकांचे लोकरी कपडे आमच्याकडे ठेवून राखण्यावर, उभा आहे. सुरुवात मात्र अशी नव्हती.

वडिलांचं दुकान ड्रायक्लीनिंगचं आणि रफूचं. रफूला बसणारे कारागीर नजीबाबादचे. उत्तर प्रदेशातलं हे गाव पश्मिना शालींच्या रफूगरांसाठी ओळखलं जातं. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. जुन्या, वाया गेलेल्या शालींचे तुकडे त्यांच्या पेटीत जपून ठेवलेले असतात. त्यातला रंगाला आणि जाडीला जुळणारा धागा उसवून ते भोक असं भरतात की उजेडात धरूनही सापडत नाही. एवढं कसब, पण शाल दोन वर्षांनी परत यायची. भोक नवं, जागा वेगळी. चाचांनी वडिलांना एकदा सरळ विचारलं, की आपण फक्त भोकंच मोजत बसायचं का? मी धंद्यात आले तेव्हा हाच प्रश्न हातात घेतला.

गिऱ्हाइकांची तक्रार बहुतेक एकाच धाटणीची असे. कपाटात सत्कारात मिळालेल्या शालींचा ढीग आहे, त्यांना काही झालं नाही, आणि आजेसासूबाईंची एकुलती एक पश्मिनाच कशी खाल्ली? कारण साधं आहे. सत्काराच्या बऱ्याचशा शाली कृत्रिम धाग्याच्या असतात. कसरीची, म्हणजे लोकर खाणाऱ्या किडीची, अळी जगते केराटिनवर, म्हणजे लोकर, केस, पिसं यांतल्या प्रथिनावर. पश्मिना म्हणजे लडाखमधल्या चांगथांग पठारावरच्या बकऱ्यांची आतली मऊ लव. धागा जेमतेम १२ ते १५ मायक्रॉन जाडीचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). इतक्या बारीक धाग्याला थोडी कुरतडही पुरते.

उडणारं सोनेरी पाखरू कापड खात नाही, त्याला खायचं तोंडच नसतं. खाते ती अळी. मादी ४०-५० अंडी घालते, आणि अळी परिस्थितीप्रमाणे दोन महिन्यांत मोठी होते किंवा दोन वर्षंही रेंगाळते. दिव्याभोवती घिरट्या घालणारी पाखरं वेगळी. कसरीचं पाखरू उजेडापासून पळतं, घडीच्या आत, कॉलरखाली, ट्रंकेच्या तळाशी शिरतं. उबदार आणि दमट हवा त्याला मानवते, म्हणजे आपला आषाढ-श्रावण. निव्वळ स्वच्छ लोकरीवर अळी नीट वाढत नाही. घाम, तेलाचा डाग, सांडलेलं दूध असलेल्या जागी ती आधी जाते. चाचांना हे हातानेच ठाऊक होतं: भोकं बहुधा मानेशी आणि पदराच्या टोकाशी, जिथे हात पुसले जातात.

म्हणून आम्ही क्रम उलटा केला. आधी धुणं, मग ठेवणं. एकदाच पांघरलेली शालही न धुता आम्ही ठेवून घेत नाही, यावर काही जुनी गिऱ्हाइकं रागावून गेली. पश्मिना आणि कॅश्मीअरचे (तेही बकरीच्या मऊ लवेचेच) स्वेटर रिठ्याच्या कोमट पाण्यात, न पिळता, आडवे पसरून सावलीत वाळवायचे. हँगरवर विणलेला कपडा ओघळतो, म्हणून घडीच.

डांबराच्या गोळ्या आम्ही बंद केल्या. त्यांचा वास म्हणजेच राखण असं मानणारे लोक पुष्कळ आहेत. पण उघड्या कपाटात त्यांची वाफ साठतच नाही, आणि बंद पेटीत साठली तर ती माणसालाही चांगली नाही. जी-सिक्स-पीडी या, तांबड्या पेशींना जपणाऱ्या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळाला त्या वासाच्या दुपट्यात गुंडाळलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. हे कळल्यावर दुकानात गोळी ठेवणं मला पटेना. वेखंड आणि कडुनिंबाचा पाला अजून ठेवतो, आजीच्या हातची सवय म्हणून. त्यांच्या भरवशावर शाल सोडत नाही.

भरवसा आहे तो थंडीवर. मोठा डीप फ्रीझर घेतला तेव्हा घरच्यांना वाटलं आइस्क्रीमचा धंदा काढतेय. कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करायचा, उणे १८ अंशांत दोन आठवडे ठेवायचा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. कपडा खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, नाहीतर दव धरून तो ओला होतो. अंडी-अळ्या गेल्या की मग मलमलीत गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात. मलमल धूळ अडवते, नुकती फुटलेली अळी अडवेलच असं नाही. ते काम डब्याचं. पावसाळाभर डबे कोरड्या खोलीत राहतात, आणि मधूनमधून घडी बदलतो, नाहीतर एकाच रेषेवर धागा तुटतो.

कपडे घेताना आता मी एक प्रश्न हमखास विचारते: तुमच्या गॅलरीत किंवा डक्टमध्ये कबुतरं आहेत का? पक्ष्यांच्या घरट्यातली पिसं हे कसरीचं मूळ घर. घरट्याची साफसफाई झाल्याशिवाय कपाट कितीही पुसलं तरी पाखरू परत येतं. एका सोसायटीत याच कारणाने चार घरांच्या शाली एकाच पावसाळ्यात गेल्या होत्या. डक्ट साफ करून जाळी बसवली तेव्हा थांबलं.

आमच्याकडे अजूनही रफू चालतं, पण कामाचं पारडं राखणीकडे झुकलंय. परदेशात राहणाऱ्या मुलांकडून येताना आणलेले कॅश्मीअरचे स्वेटर वाढलेत, आणि जुन्या पश्मिन्यांचे मालक आता शिमगा झाला की स्वतःहून येतात. प्रत्येक कपडा उजेडावर धरून आधीच्या भोकांची नोंद फोटोसकट करतो, दोघांच्याही समाधानासाठी. चाचांचा पुतण्या हे काम शिकतोय. यंदा मागची खोली ओल काढणारं यंत्र लावून तयार होते आहे. पाऊस सुरू व्हायच्या आत तिथे डबे लागतील.