राजाबाई टॉवरच्या खाली एक लायब्ररी पण आहे

१८९३ पासून गावात मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, त्यामुळे आम्हा ठाणेकरांना लायब्ररीचं कौतुक नव्याने शिकवायला नको. पण राजाबाई टॉवरसमोरून रोज ऑफिसला जाणाऱ्यांना विचारा, खाली काय आहे? बरेच जण नुसते बघत राहतात. अहो मुंबई युनिव्हर्सिटीची लायब्ररी आहे, आणि खरं तर दान आधी तिलाच मिळालं, टॉवर नंतरचा!

झालं असं की १८६४ साली अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस इंग्लंडला पोचेना, त्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि प्रेमचंद रायचंद म्हणजे त्या बाजाराचा राजा माणूस. त्यांनी लायब्ररीसाठी २ लाख दिले, थोड्याच दिवसांत टॉवरसाठी अजून २ लाख दिले, म्हणाले नाव आईचं द्या. पुढच्याच वर्षी युद्ध संपलं, कापूस आपटला, १ जुलै १८६५ ला शेअरबाजार झोपला आणि प्रेमचंद स्वतःही त्यात बुडाले. आंधळ्या आईला जेवणाची वेळ कळावी म्हणून टोल्यांचं घड्याळ, ही गोष्ट सगळेच सांगतात, गोड आहे, पण मला या तारखाच भारी वाटतात. दान द्यायला एक वर्ष उशीर झाला असता तर? बांधकाम पण १८६९ ला सुरू होऊन १८७८ ला संपलं, म्हणजे शेठ बुडाल्यावर.

आतल्या संग्रहांत माझा सगळ्यात लाडका म्हणजे फैझी संग्रह. आसफ फैझी मोठे कायदेपंडित, इजिप्तमध्ये भारताचे राजदूत होते, जन्म १८९९ चा आणि तोही कुठे, तर आपल्या माथेरानला! घराणं सुलेमानी बोहरा, म्हणजे शिया मुसलमानांतल्या इस्माइली पंथाची एक शाखा. या पंथाचे अरबी ग्रंथ येमेनातून गुजरातेत आले, पिढ्यानपिढ्या हाताने नकलून घेतले, पण बाहेरच्याला सहसा दाखवायचे नाहीत, घरात कपाटबंद. फैझींनी आपल्याकडची हस्तलिखितं सरळ युनिव्हर्सिटीला देऊन टाकली, कुणीही अभ्यासकाने यावं आणि वाचावं. स्वतः त्यांनी काझी नुमान या दहाव्या शतकातल्या फातिमी (म्हणजे इस्माइली खलिफांच्या राज्यातल्या) न्यायाधीशाचा कायद्याचा ग्रंथ नीट संपादित करून कैरोत छापून आणला. घरातलं गुपित असं चारचौघांसमोर ठेवायला किती धाडस लागलं असेल, आपल्याकडे आजोबांची मोडी कागदपत्रं चुलतभावाला दाखवताना पण लोक दहा वेळा विचार करतात (आमच्याच घरात आहेत असे).

आणि यादी करणाऱ्यांना तर कुणी विचारतच नाही. संस्कृत-प्राकृत पोथ्यांची सविस्तर सूची देवस्थळींनी केली, ती १९४४ ची. फैझी संग्रहाची गोरियावालांनी केली, १९६५ ला छापली. प्रत्येक बाड सोडायचं, सुरुवात-शेवट उतरवायचा, पानं मोजायची, नकलणाऱ्याचं नाव सापडतंय का बघायचं, महिनोन्महिने हेच, आणि मग कुठे एखाद्या संशोधकाला नेमकी कुठली पोथी मागायची ते कळतं.