३०० मीटरवरचे छिद्र

५० मीटरच्या पल्ल्यावर काही वर्षे काढल्यानंतर मी पहिल्यांदा ३०० मीटरवर पालथे झोपून नेम धरला, त्या दुपारची नोंद माझ्या वहीत अजून आहे. पहिल्या पाच गोळ्या झाडून मी तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावला, तेव्हा काळ्या वर्तुळाच्या जरा बाहेर, घड्याळात ८ असतात त्या दिशेला, पांढऱ्या कागदावर एक गडद ठिपका दिसला. बाकी काहीच दिसत नव्हते. तो ठिपका माझ्याच गोळीचा आहे, असे मी धरून चाललो, त्याचे केंद्रापासूनचे अंतर अंदाजाने मोजले आणि मागची साईट, म्हणजे रायफलीवरचे नेम धरायचे साधन, १३ क्लिक (टप्पे) उजवीकडे व ८ क्लिक वर फिरवली. त्यानंतरच्या पाच गोळ्यांचा दुर्बिणीत मागमूसही लागला नाही. गोळीबार थांबल्याची सूचना झाली, सगळ्यांनी रायफली उघडून ठेवल्या आणि आम्ही लक्ष्यांपर्यंत चालत गेलो, तेव्हा उलगडा झाला. तो ठिपका म्हणजे जुन्या छिद्रावर चिकटवलेल्या ठिगळाचा सुटलेला कोपरा होता आणि त्याची सावली कागदावर पडली होती. माझ्या पहिल्या पाचही गोळ्या ९ आणि १० च्या कड्यांत होत्या. साईट फिरवल्यानंतरच्या पाच वर उजवीकडे, ४ च्या कड्यात, एकमेकींना खेटून बसल्या होत्या.

त्या दिवशी माझा नेम चुकला नव्हता. मी नसलेले छिद्र पाहिले होते आणि असलेली दहा छिद्रे मला दिसली नव्हती. खऱ्या छिद्राच्या मानाने तो ठिपका बराच मोठा होता, आणि निदान एवढी गोष्ट तरी मला खटकायला हवी होती. ती खटकली नाही, कारण ३०० मीटरवरून छिद्र केवढे दिसायला हवे, याचा हिशेब मी कधी केलाच नव्हता.

तो हिशेब सोपा आहे. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. नेमबाज तिलाच एमओए म्हणतात. १०० मीटरवर एक कला म्हणजे सुमारे २९ मिलिमीटर, ३०० मीटरवर सुमारे ८७ मिलिमीटर. निरोगी डोळ्याला जवळजवळ असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या दिसायच्या असतील, तर त्यांच्यात साधारण एका कलेचे अंतर लागते. पांढऱ्यावरचा एकटा काळा ठिपका त्याहून लहान असला तरी त्याची चाहूल लागते, म्हणूनच .२२ च्या गोळीचे ५.६ मिलिमीटरचे छिद्र ५० मीटरवर, चांगल्या उजेडात, पांढऱ्या भागात असेल तर नुसत्या डोळ्यालाही जाणवू शकते. ३०० मीटरवर ७.६२ मिलिमीटरचे छिद्र मात्र एका कलेच्या अकराव्या भागाएवढे उरते. म्हणजे केवळ कागदावरच्या गणिताने पाहिले तरी १२ पट मोठे दाखवणारी दुर्बीण हवी, आणि प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट-तिप्पट विवर्धन असल्याशिवाय निर्धास्तपणे ‘हे छिद्र आहे’ असे म्हणता येत नाही. त्यात आणखी एक भर अशी की कागदातले छिद्र गोळीच्या व्यासाएवढे नसतेच. टोकदार गोळी कागद ताणत आत शिरते आणि ती गेल्यावर कागदाचे तंतू पुन्हा थोडे मिटतात. उरते ते लहानसे भोक आणि त्याभोवती गोळीने पुसून ठेवलेल्या काजळीचे करडे कडे. याच कारणासाठी कडेला लागलेल्या गोळीचे गुण ठरवताना भोकात मोजमापाची गुंडी घालून पाहावी लागते.

हे कळल्यावर माझ्या मनात आले ते बहुतेकांच्या मनात येते, की विवर्धन वाढवावे. ओळखीच्या एका नेमबाजाची ६० पटींपर्यंत जाणारी दुर्बीण मी आठवडाभर वापरली. २० पटींवर जे धूसर होते, ते ६० पटींवर मोठे आणि आणखी धूसर झाले. दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाचा व्यास विवर्धनाने भागला, तर डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ६० मिलिमीटरच्या भिंगावर ६० पट विवर्धन घेतले की ती जेमतेम १ मिलिमीटर उरते. चित्र काळवंडते, स्वतःच्या डोळ्यातले तरंगणारे कण दिसू लागतात आणि तिपाईला कोपर लागला तरी सारे लक्ष्य दृष्टिक्षेत्राबाहेर निघून जाते. भिंगाच्या व्यासाने ठरणारी एक मर्यादाही असते, आणि कोणत्याही नेत्रिकेने, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाने, ती ओलांडता येत नाही. ११६ ला व्यासाच्या मिलिमीटरांनी भागले की भिंगाला वेगळे दाखवता येणारे सर्वांत लहान अंतर विकलांमध्ये मिळते. कलेचा साठावा भाग म्हणजे विकला. ८० मिलिमीटरच्या भिंगासाठी ही मर्यादा सुमारे १.४५ विकला येते. १००० मीटरवर ७.६२ मिलिमीटरचे छिद्र सुमारे १.५७ विकलांचे असते. म्हणजे उत्तम भिंग, स्थिर तिपाई आणि हवाच नसलेली जागा मिळाली, तरी १००० मीटरवरचे छिद्र ८० मिलिमीटरच्या दुर्बिणीच्या कुवतीच्या अगदी काठावर आहे. ३०० मीटरवर तेच छिद्र सव्वापाच विकलांचे असते, आणि तिथे सामान्य आकाराची पण चांगल्या काचेची दुर्बीण पुरेशी आहे. माझे मत असे की एवढ्या पल्ल्यासाठी विवर्धनाच्या आकड्यावर खर्च करण्यापेक्षा भिंगाच्या दर्जावर आणि जड, न हलणाऱ्या तिपाईवर तो करावा. हलक्या काचेत काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर जांभळी-हिरवी झालर उमटते, आणि आपल्याला जो करडा ठिपका शोधायचा असतो तो नेमका त्या झालरीत हरवतो.

पण खरा अडसर काच नसून हवा असते, आणि हे समजायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. ऊन चढले की तापलेल्या जमिनीलगतची हवा वर उठते, थंड हवा तिची जागा घेते, आणि दोहोंची घनता वेगळी असल्यामुळे त्यांतून येणारा प्रकाश सतत थोडा थोडा वळत राहतो. नेमबाज याला मृगजळ किंवा नुसते ‘मिराज’ म्हणतात. दुर्बिणीत लक्ष्य पाण्याखाली ठेवल्यासारखे लहरते, वर्तुळाची कडा दातेरी होते आणि छिद्र क्षणभर उमटून विरून जाते. विवर्धन वाढवले की लहरीही तेवढ्याच वाढतात. म्हणून भर दुपारी ६० पटींवरून २५ पटींवर उतरल्यावर मला अधिक दिसू लागले, ही गोष्ट सुरुवातीला पटेना, पण ती वारंवार घडली. दृष्टिरेषा जमिनीच्या जितकी जवळ, तितकी ही उकळी दाट. पालथे पडून ज्या उंचीवरून पाहतो, त्याऐवजी तिपाई वाढवून उभ्याने पाहिले तर बऱ्याचदा फरक पडतो. सूर्योदयानंतरचा पहिला तास आणि ढगाळ दिवस हे छिद्रे पाहण्यासाठी सर्वांत चांगले. तापलेल्या नळीवरून उठणारी उष्णताही रायफलच्या स्कोपसमोर अशीच लहर निर्माण करते, म्हणून लांब पल्ल्याचे नेमबाज नळीवर एक रुंद पट्टी ताणून बसवतात.

हेच मृगजळ दुसऱ्या अंगाने उपकारक असते, आणि इथे नेमबाजाची खरी ओढाताण होते. लहरी सरळ वर जात असतील तर वारा नाही किंवा तो समोरून अथवा पाठीमागून येतो आहे, तिरक्या होत असतील तर बाजूने मंद वारा आहे, आडव्या वाहू लागल्या तर तो जोर धरतो आहे. हे वाचण्यासाठी दुर्बिणीचा फोकस लक्ष्याच्या अलीकडे, वाटेतल्या हवेवर आणावा लागतो. छिद्र पाहायचे असेल तर तो लक्ष्यावरच हवा. एकाच दुर्बिणीतून दोन्ही गोष्टी एकाच क्षणी नीट दिसत नाहीत. मी आता गोळी झाडण्यापूर्वी हवेकडे पाहतो आणि छिद्राच्या शोधाचा मोह मालिका संपेपर्यंत आवरतो. सोबतीला दुसरा माणूस असेल तर तो नळीच्या रेषेत, नेमबाजाच्या मागे आणि जरा वर बसतो. तिथून त्याला कधी कधी गोळीच्या मागे हवेत उमटणारी पारदर्शक रेघ दिसते आणि गोळी लक्ष्यावर कुठे उतरली हे छिद्र न पाहताच सांगता येते. ती रेघ मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा त्या मालिकेतली पुढची गोळी झाडायचेही मला काही काळ सुचले नाही.

हवेवर आपला काही इलाज चालत नसला, तरी लक्ष्यावर चालतो. छिद्राचा आकार बदलता येत नाही, पण त्याच्या आतला आणि भोवतीचा रंग बदलता येतो. ३०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय लक्ष्याचा काळा भाग ६०० मिलिमीटर व्यासाचा असतो आणि १० चे कडे १०० मिलिमीटरचे. चांगल्या गोळ्या साहजिकच काळ्यात जातात, आणि मागे गडद फळी असेल तर काळ्यातले काळे भोक कोणत्याही दुर्बिणीत दिसत नाही. त्याच कागदाच्या मागे पांढरा पुठ्ठा थोडे अंतर सोडून लावला, की उजेड योग्य कोनातून पडल्यास छिद्रातून मागचा पांढरा रंग डोकावतो. सरावापुरता मी याहून सोपा मार्ग धरतो: पूर्ण पांढरा कागद, त्यावर नेम धरण्यापुरता लहान काळा चौकोन, आणि साईट मुद्दाम अशी लावायची की ग्रुप, म्हणजे एका मालिकेतल्या छिद्रांचा पुंजका, चौकोनाच्या बाजूला पांढऱ्यावर पडेल. ग्रुप किती घट्ट आहे हे पाहायला तेवढे पुरते. वर काळा आणि खाली झगझगीत पिवळा असा दुहेरी थर दिलेले कागदही मिळतात. गोळी लागली की वरचा थर उडतो आणि भोकाभोवती मोठे पिवळे कडे उमटते. त्यावर डोळ्याला फार सुख मिळते, पण दोन गोळ्या शेजारी लागल्या की कडी एकमेकांत मिसळतात, म्हणून काटेकोर मोजणीसाठी ते मला आवडत नाहीत. पोलादी लक्ष्यावर पांढरा रंग दिला की गोळीचा करडा डाग दिसतो, शिवाय आवाज येतो. १००० मीटरवरून तो टणत्कार आपल्यापर्यंत यायला जवळपास ३ सेकंद लागतात.

लक्ष्याजवळ ठेवलेला कॅमेरा आणि हातातल्या पडद्यावर दिसणारे चित्र, हा आता सर्वांत सोयीचा उपाय झाला आहे. आधीचे आणि नंतरचे चित्र ताडून नवे छिद्र लुकलुकवून दाखवण्याची सोय त्यात असते. माझा फसलेला ठिगळाचा कोपरा अशा कॅमेऱ्याने पहिल्याच गोळीला उघडा पाडला असता. स्पर्धांतली इलेक्ट्रॉनिक लक्ष्ये तर छिद्र पाहतच नाहीत. ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीची आघातलहर कोपऱ्यांतल्या मायक्रोफोनपर्यंत वेगवेगळ्या क्षणी पोहोचते, आणि त्या फरकावरून गोळीची जागा काढली जाते. यांतल्या उघड्या चौकटीच्या लक्ष्यांची अडचण एवढीच की फार लांबवर गोळीचा वेग ध्वनीच्या खाली गेला, तर लहरच उरत नाही आणि लक्ष्य गोळीची नोंद घेत नाही.

तरीही मला सर्वांत विश्वासाची वाटते ती जुनी पद्धत. इंग्लंडमधल्या बिस्लीला १८९० पासून आणि अमेरिकेतल्या कॅम्प पेरीला १९०७ पासून नेमबाजीच्या स्पर्धा भरत आल्या आहेत. अशा मैदानांवर नेमबाजांच्या पिढ्यांनी १००० यार्डांवरची गोळी दुर्बिणीतून न शोधता लक्ष्यांखालच्या खंदकातल्या माणसाकडून जाणून घेतली. लक्ष्य भिंतीआड खाली ओढायचे, छिद्रात ठळक चकती खोवायची, आधीच्या छिद्रावर ठिगळ लावायचे आणि लक्ष्य पुन्हा वर चढवायचे. ७.६२ मिलिमीटरच्या भोकाच्या जागी हाताच्या तळव्याएवढी चकती उभी राहिली, की साधी दुर्बीणही पुरते.

गेल्या हंगामात माझीही ६०० मीटरच्या मैदानावर खंदकात पाळी लागली. डोक्यावरून गोळीचा कडाका ऐकू येतो, मागच्या मातीच्या बांधावर धूळ उडते, आणि लक्ष्य खाली आले की काही सेकंदांत छिद्र शोधावे लागते. पहिल्या काही गोळ्या सहज सापडल्या. मग एकदा कागद हातभर अंतरावर असूनही मला भोक दिसेना. मी दोनदा सगळी कडी नजरेखालून घातली. शेजारच्या अनुभवी मार्करने (खंदकात छिद्रे शोधून दाखवणाऱ्याने) काही न बोलता कागदाच्या मागे हात फिरवला आणि एका जागी बोट थांबवले. गोळी ठिगळावरच लागली होती, त्याच्या काठाशी, आणि कागद मागच्या बाजूने फुलासारखा उघडला होता. समोरून पाहता तिथे फक्त ठिगळाचा किंचित उचललेला कोपरा होता. मी चकती खोवली, लक्ष्य वर चढवले, आणि ६०० मीटरवर दुर्बिणीला डोळा लावून थांबलेल्या त्या अनोळखी नेमबाजाला ते ९ चे छिद्र दिसले.