फायटरने खाणं सोडलं तेव्हा: माझा अनुभव

फायटर मासा खात नसेल तर औषध घ्यायला धावण्याआधी पाण्यात थर्मामीटर बुडवा. एवढं एक वाक्य मला कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर आमच्या माणिकचे निम्मे हाल वाचले असते. अजून राग गेलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

आमचं घर गोव्यात फोंड्याजवळ, कुळागराला, म्हणजे पोफळीच्या बागेला लागून. माणिक हा लाल फायटर, म्हणजे बेटा मासा, खिडकीजवळच्या दहा-बारा लिटरच्या टाकीत एकटा राहतो. खाण्याला कायम हपापलेला. जानेवारीत एका सकाळी त्याने दाणा तोंडात घेतला आणि थुंकला. मग दाण्याकडे बघेनासाच झाला. पंख मिटून तळाशी पडून राहायचा, मधूनच वर येऊन हवेचा घोट घ्यायचा. तेवढ्यावरून घाबरू नका, फायटरला हवेतूनही श्वास घेण्यासाठी वेगळा अवयव असतो, वर येणं त्याला भागच आहे.

तपासायचं ते तपासलं. पाणी ओपाच्या सरकारी पाणीपुरवठ्याच्या नळाचं, पण क्लोरीन काढूनच घालतो. अमोनिया, म्हणजे घाण कुजून पाण्यात होणारं विष, शून्य. पोट फुगलेलं नाही, खवले उभे राहिलेले नाहीत, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी नाही. यातलं काही दिसलं तर मामला वेगळा, तिथे नुसती वाट बघू नये.

मग दुकान. मी मोबाइलवर व्हिडिओ दाखवत होते, आणि त्या माणसाने तो न बघताच निळ्या औषधाची बाटली काउंटरवर ठेवली. ‘फंगस आसतलें.’ अंगावर कुठेही पांढरं नाही म्हटलं, तर ‘मागीर पोटांत किडे’ म्हणून दुसरी बाटली. टाकी किती लिटरची, खाणं कोणतं, पाणी किती गार, एक प्रश्न नाही. दोन्ही बाटल्या मी तिथेच ठेवल्या. रोग ठरलेला नसताना उपाशी जिवाच्या पाण्यात औषध ओतणं मला पटत नाही, आणि तुम्हीही कुणाच्या आग्रहाला बळी पडू नका.

तिथून जनावरांच्या दवाखान्यात. वासरं, कुत्री, एक पाय बांधलेली शेळी, आणि त्यांच्यामागे रांगेत मी. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, ‘कितें जनावर?’ मासा म्हटल्यावर त्याने पेन खाली ठेवलं. केसपेपर करायलाच तयार नव्हता. मी हटले नाही. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले आणि नीट बोलून सांगितलं की इथे मासे बघत नाहीत. दुसरीकडे कुणाकडे जायचं, ते काही सांगता आलं नाही. निघताना खिडकीतून आवाज आला, ‘नवो हाड मगो, बाये. बाजारांत मेळटात.’ ते मला लागलं. शेळीवाल्याला कुणी नवी शेळी आण म्हणालं नव्हतं. जीव स्वस्त मिळाला म्हणून त्याची भूक स्वस्त होत नाही.

उत्तर शेवटी घरातच सापडलं. मी शाळेत शिकवते. प्रयोगशाळेतला थर्मामीटर घरी आणला आणि भल्या पहाटे टाकीत धरला. पारा २२ वर. दुपारी उन्हं खिडकीत आल्यावर तेच पाणी २७. फायटर मूळचा थायलंडकडच्या उष्ण, संथ पाण्याचा. त्याला साधारण २५ ते २८ अंश लागतात, तेही स्थिर. माशाचं शरीर पाण्याइतकंच गार होतं, पचन मंदावतं आणि भूक मरते. दिवसाला पाच अंशांची चढउतार तर आणखी वाईट.

पुन्हा त्याच दुकानात हीटर मागितला तर ऐकून घ्यावं लागलं, ‘गोंयांत हीटर कोणाक जाय?’ किनाऱ्यावरच्यांना नसेल लागत. फोंडा, सांगे, सत्तरीत जानेवारीच्या पहाटे गोधडी लागते, मग टाकीतल्या पाण्याला का नाही लागणार? पुढे हीटर मिळाले तेही मोठ्या टाकीचे. लहान टाकीत शंभर वॉटचा हीटर अडकून चालू राहिला तर मासा शिजतो. आम्हाला २५ वॉटचा हवा होता, तो ऑनलाइन मागवला.

तो येईपर्यंत टाकी खिडकीपासून हलवून स्वयंपाकघराच्या आतल्या भिंतीशी ठेवली, रात्री तिन्ही बाजूंनी जुनी चादर गुंडाळली, वरून हवा मोकळी. गरम पाणी ओतू नका, धक्क्याने मासा जातो. दाराशी देशी बदाम आहे, त्याचं वाळकं पान धुऊन आत सोडलं. हीटर आल्यावरही एकदम २७ न लावता रोज थोडं थोडं वाढवलं.

पाणी उबदार झालं तरी दाणा नकोच. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘पोफळीखाली बघ गो, वळवळतायत.’ शिंपणाचं पाणी गळलेल्या झावळीच्या रुंद बुंध्यात साचतं, त्यात डासांच्या अळ्या होत्या. कुळागरात फवारणी नव्हती, म्हणून घेतल्या. स्वच्छ पाण्यात धुऊन एक सोडली. माणिक वळला. एक डोळा तिच्यावर लावून थांबला, मिटलेले पंख हळूहळू उघडले आणि एका झटक्यात अळी गेली. मी स्वयंपाकघरातूनच ओरडले.

हलणारं खाणं दिसलं की फायटरमधला शिकारी जागा होतो, म्हणून आधी जिवंत खाणं आणि मग दाणा. सुरुवातीला दोन-तीन अळ्यांच्या वर जाऊ नका. अळ्यांचं उरलेलं पाणी लगेच कोरड्या मातीत ओता, साठवलंत तर घरात डेंग्यूचे डास होतील. न खाल्लेले दाणे रोज काढायचे, ते कुजले की अमोनिया चढतो. तब्येतीचा फायटर आठवडाभर उपाशी राहू शकतो, तेव्हा तोंडात कोंबायच्या फंदात पडू नका.

आणि हो, पाणी बदलताना हीटरचं बटण आधी बंद करून थोडा वेळ जाऊ द्या. तापलेली काच उघडी पडली की तडकते. आमचा आता काढून ठेवलाय, मार्चनंतर इकडे लागत नाही.