अडली, सुटली

भाचीच्या बाळंतपणाचे कागद तारखेनुसार लावून ठेवण्याचे काम माझ्याकडे आले, कारण घरात पंचिंग मशीन फक्त माझ्याकडे आहे. सोनोग्राफीच्या गुळगुळीत चित्रांमागे सिझेरियनचा कागद होता आणि त्यावर कारण म्हणून डॉक्टरांच्या तिरक्या अक्षरात एकच शब्द होता : डिस्टोशिया. आई शेजारी बसून डिंक निवडत होती. तिने अर्थ विचारला, तेव्हा मी म्हटले, "बाळंतपण अवघड झालं." त्यावर ती म्हणाली, "मग अडली होती असं लिहावं की सरळ."

आईचे म्हणणे डोक्यातून जाईना, म्हणून मी त्या शब्दाच्या मागे लागले. तो ग्रीक आहे. त्यातला 'डिस' म्हणजे वाईट, कष्टाचा. तो आपल्या 'दुस्', 'दुर्' या उपसर्गांचा सख्खा भाऊबंद आहे, त्यामुळे 'दुष्प्रसव' म्हटले की जवळजवळ त्याच साच्यातला शब्द तयार होतो. उरलेला भाग 'टोकोस', म्हणजे जन्म. इथे मी जरा हुरळले, कारण लहानपणापासून रुद्रात ऐकलेले 'मा नस्तोके तनये' आठवले; तिथले 'तोक' म्हणजेही मूलबाळ. पण हे साम्य निव्वळ योगायोगाचे आहे. संस्कृतातला ओकार मुळात जोडस्वर असतो आणि ग्रीक शब्दातला तसा नाही, तेव्हा या दोन शब्दांच्या कुळ्या वेगळ्या ठरतात. उच्चार जुळला की नाते लावून मोकळे होण्याची आपल्याकडे हौस फार, आणि मीही त्याला अपवाद नाही. त्याच 'टोकोस'चा दुसरा अर्थ मात्र खरा आणि मजेदार आहे : व्याज. पैशाला झालेले पोर म्हणजे व्याज, असा त्याचा उलगडा ॲरिस्टॉटलनेही केला आहे. नातवंडांच्या बाबतीत 'मुद्दलापेक्षा व्याज प्रिय' म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना हे वेगळे सांगायला नको. वेणा वाढवण्यासाठी सलाइनमधून देतात त्या ऑक्सिटोसिनच्या पोटातही हाच शब्द आहे. त्याचा अर्थ 'लवकर जन्म'.

डिस्टोशियात अवघडपणा आहे, पण तो कुणाचा, याचा पत्ता लागत नाही. सुश्रुतसंहितेत याच प्रसंगाला 'मूढगर्भ' म्हटले आहे आणि तिथे सगळे लक्ष बाळाकडे आहे. मूढ म्हणजे इथे मूर्ख नव्हे. दिङ्मूढ मधला मूढ, वाट चुकलेला. ज्या मार्गाने बाळ येते त्याला सुश्रुत 'अपत्यपथ' म्हणतो, म्हणजे रानात चकवा लागलेल्या वाटसरूसारखे ते बाळ त्या पथावर भलत्याच अंगाने येऊन ठेपलेले असते. योगायोग असा की, आजच्या प्रसूतिशास्त्रातही कळांचा जोर आणि जाण्याची वाट यांच्या जोडीला बाळाचा उल्लेख 'पॅसेंजर' असाच होतो. कील, प्रतिखुर, बीजक आणि परिघ असे मूढगर्भाचे चार प्रकार सांगून लगेच सुश्रुत म्हणतो की ही मोजदाद बरोबर नाही, कारण वायूने पीडलेला गर्भ त्या वाटेवर अनेक तऱ्हांनी येतो आणि मग संख्या पुरत नाही. चौकटी आखून तिथल्या तिथे पुसणारा हा वैद्य मला फार आवडला. शस्त्रकर्माच्या अध्यायात तर तो कबूल करतो की यापेक्षा कठीण काम नाही, कारण ते डोळ्यांनी न पाहता केवळ स्पर्शाने करावे लागते. म्हणून अधिपतीला विचारून मगच हात घालावा. भाचीच्या फाइलमधले संमतिपत्र मी त्यानंतर जरा आदराने पंच केले.

चारांपैकी 'परिघ' आपण भूमितीत वर्तुळाभोवती फिरवतो, पण त्याचा जुना अर्थ दाराला आतून आडवा लावायचा दांडा, म्हणजेच अडसर. बाळ आडवे येऊन दारच अडवते, म्हणून तो परिघ. इथे मला आईचा 'अडली' ऐकू आला. मराठीने बाळाचे नाव घेतले नाही आणि जन्माचेही नाही. अडली ती बाई. अडलेल्या हरीला गाढवाचे पाय धरावे लागतात, अडलेल्या बाईसाठी रात्री-अपरात्री सुईणीचे दार ठोठवावे लागे. पुढे सगळे नीट झाले की 'बाळ झाले' याआधी 'सुटली', 'मोकळी झाली' हे शब्द येत. रोमन लोक सुईणीला 'समोर उभी राहणारी' म्हणत आणि त्यावरूनच ऑब्स्टेट्रिक्स हे शास्त्राचे नाव आले. पण लॅटिनमधले तेच क्रियापद वाट अडवण्यालाही चालते, त्यामुळे अडथळा आणि सुईण तिथे एकाच घरच्या.

या विषयाशी माझेही जुने देणेघेणे आहे. मी पायाळू. डोक्याऐवजी पाय आधी बाहेर काढून मी आईला दीड दिवस अडवून धरले होते, आणि त्याचे बक्षीस म्हणून वाड्यात कुणाच्या पाठीत उसण भरली की मला बोलावणे येई. शेजारचे आजोबा घोंगडीवर पालथे पडत आणि मी भिंतीला धरून त्यांच्या कमरेवर टाच टेकवत असे. बनियनमधून त्यांच्या पाठीचा मणी टाचेला लागला की मला हसू फुटे. त्यांना बरे वाटे की माझा खाऊ चुकू नये म्हणून ते तसे म्हणत, हे कधी कळले नाही. पावसाळ्यात मात्र वीज चमकली की मला ओढून घरात घेत, कारण वीज पायाळूवर पडते असा समज होता.

भाचीचे बाळ पायाळू नव्हते. डोके खालीच होते. पण तोंड आईच्या पाठीकडे असायला हवे ते पोटाकडे होते आणि कळा येऊनही ते पुढे सरकेना. डॉक्टरांनी मुठीवर दुसरा हात फिरवून हे आम्हाला समजावले तेव्हा मला सुश्रुत ठाऊक नव्हता, तरी वाट चुकलेले कोणी तरी डोळ्यांपुढे आले होते.

मी फाइल मिटत होते तेव्हा गावाकडच्या मावशीचा फोन आला. तिच्या कानाला यंत्र आहे, त्यामुळे आई ओरडूनच बोलत होती. "हो, दुपारपर्यंत अडली होती. मग सुटली. मुलगी." पलीकडून आणखी काही तरी विचारले गेले असावे. आईने माझ्याकडे पाहिले आणि फोनमध्ये सांगितले, "नाही गं, पायाळू नाही. ती एकच पुरे."